डमरूची कंबर: महासाथीत अमेरिकेचे मांस कुठे अडले

२०२० च्या एप्रिलअखेरीस आणि मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेत दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या, आणि वरवर पाहता त्यांचा मेळ बसत नव्हता. आयोवा आणि मिनेसोटा या राज्यांतील शेतकरी विक्रीला तयार झालेली धडधाकट डुकरे मारून त्यांची विल्हेवाट लावत होते. त्याच आठवड्यांत शहरांतील मोठ्या दुकानांनी एका गिऱ्हाइकाने मांसाची ठरावीक पाकिटेच न्यावीत असे फलक लावले होते, आणि वेंडीज या प्रसिद्ध साखळीच्या शेकडो उपाहारगृहांत बर्गरसाठी गोमांस उरले नव्हते. शेतावर माल तुंबलेला आणि बाजारात टंचाई, असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील मांसाचा प्रवास आधी पाहावा लागतो.

या प्रवासाचा आकार उभ्या धरलेल्या डमरूसारखा आहे. डमरूचे वरचे तोंड म्हणजे शेते: डुकरे पाळणारी साठ हजारांहून अधिक शेते आणि त्याखेरीज गुरांचे लाखो मालक. खालचे तोंड म्हणजे तेहतीस कोटी खाणारे. मधली कंबर म्हणजे मांसप्रक्रियेचे कारखाने, आणि ही कंबर फारच बारीक आहे. खुराक देऊन पोसलेल्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के गुरे टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चारच कंपन्यांच्या कारखान्यांत कापली जातात. डुकरांच्या बाबतीतही पहिल्या चार कंपन्यांचा वाटा दोन तृतीयांशाच्या आसपास आहे. रोज सुमारे पाच लाख डुकरे कापणाऱ्या या देशात एकेका मोठ्या कारखान्यातून दिवसाला वीस-वीस हजार डुकरे बाहेर पडतात. कारखाना जितका मोठा तितका एका जनावरामागचा खर्च कमी, या साध्या हिशेबातून अनेक दशकांत लहान कत्तलखाने मिटत गेले आणि कंबर आवळत गेली. स्वस्त मांसाचे मोल कुठे तरी चुकते करावे लागणारच होते. ते कुठे, हे तोपर्यंत फारसे कोणाच्या नजरेस आले नव्हते.

आता या कंबरेच्या आत जाऊन पाहू. जनावर मारल्यावर त्याचे धड वर टांगलेल्या साखळीला अडकते आणि साखळी पुढे सरकू लागते. सोलणे, आतडी काढणे, धुणे, थंड करणे हे टप्पे पार पडले की धडाचे मोठे तुकडे पट्ट्यावर येतात, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सुरी घेऊन उभे असलेले कामगार ते सोडवू लागतात. यांतला एकही जण आपल्याकडच्या खाटकासारखे आख्खे जनावर सोडवत नाही. एकाने खांद्याच्या हाडाभोवती एकच काप द्यायचा, शेजारच्याने चरबीचा पापुद्रा ओढून काढायचा, त्याच्या पुढच्याने कापलेला तुकडा आकड्याने दुसऱ्या पट्ट्यावर ढकलायचा; आणि तीच हालचाल एका पाळीत हजारो वेळा करायची. काम असे वाटून दिले की नवख्या माणसालाही ते थोड्या दिवसांत शिकवता येते, मात्र त्यासाठी माणसे पट्ट्याला खेटून, कोपराला कोपर लागेल इतकी जवळ उभी करावी लागतात. पट्ट्याचा वेग कारखाना ठरवतो, कामगार नाही. तुकडा समोरून निघून गेला तर गेला, म्हणून तोंडावरचा मास्क घसरला तरी तो सावरायला हात मोकळा नसतो, आणि सुरी धरलेल्या, रक्ताने माखलेल्या हातमोज्याने तो सावरावा असे कोणाला वाटणारही नाही.

मांस नासू नये म्हणून ही दालने थंड ठेवतात. बाहेरची उबदार हवा आत घेऊन पुन्हा थंड करायची तर वीज जास्त लागते, म्हणून बरेचदा आतलीच हवा थंड करून फिरवत ठेवतात. यंत्रांचा खडखडाट एवढा असतो की शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. ओरडणाऱ्याच्या तोंडातून साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त तुषार उडतात, आणि थंड, बंदिस्त, फिरत्या हवेत ते दूरवर जातात. जर्मनीत २०२० च्या मे महिन्यात एका मोठ्या मांस कारखान्यातील लागणीचा शास्त्रज्ञांनी बारकाईने माग काढला, तेव्हा त्यांना आढळले की हवा फिरवून सुमारे १० अंश सेल्सियसला ठेवलेल्या दालनात एका बाधित कामगारापासून आठ मीटरपर्यंतच्या परिघात काम करणाऱ्यांना लागण झाली होती. त्या वेळी जगभर दीड-दोन मीटर अंतर राखा असे सांगितले जात होते. आठ मीटर म्हणजे आपल्याकडच्या एका साध्या वर्गखोलीच्या लांबीइतके अंतर होते. मांसातून किंवा मांसाच्या पाकिटातून हा आजार पसरत असल्याचा पुरावा मिळाला नाही. धोका खाणाऱ्याला नव्हता, कापणाऱ्याला होता.

कारखान्याच्या दाराबाहेरही तीच दाटी होती. पाळी बदलताना शेकडो माणसे एकाच वेळी कपडे बदलतात, एकाच कॅन्टीनमध्ये अर्ध्या तासात जेवतात, एका गाडीत चार-पाच जण बसून घरी जातात, आणि अनेकदा दोन-तीन कुटुंबे मिळून एका घरात राहतात. हे काम करणाऱ्यांत स्थलांतरित आणि निर्वासित मोठ्या संख्येने आहेत. साउथ डकोटा राज्यातील सू फॉल्स या शहरात स्मिथफील्ड कंपनीचा डुकराच्या मांसाचा जो प्रचंड कारखाना आहे, तिथल्या सुमारे ३,७०० कामगारांत चाळीसच्या आसपास भाषा बोलल्या जातात. रोगनियंत्रण केंद्राच्या पथकाने तिथल्या प्रमुख भाषांची यादी केली तेव्हा तीत इंग्रजी आणि स्पॅनिशबरोबर स्वाहिली, तिग्रिन्या, अम्हारिक, ओरोमो, व्हिएतनामी आणि चक्क नेपाळीही होती. अंतर राखा, ताप असेल तर घरी थांबा, अशा सूचना केवळ एकदोन भाषांत भिंतीवर चिकटवून अशा ठिकाणी भागत नाही.

त्यात पैशाची बाब होती. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने सर्व कामगारांना आजारपणाची पगारी रजा मिळत नाही. ती मालकाच्या धोरणावर किंवा राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. याच कारखान्यात एप्रिल महिन्यातील सर्व पाळ्या भरणाऱ्याला ५०० डॉलरचा बोनस जाहीर झाला होता. कंपनीच्या मते हे संकटकाळातील कामाबद्दलचे कौतुक होते. पण घसा दुखत असलेल्या, चार तोंडे पोसणाऱ्या माणसाला त्यातून काय ऐकू येणार, हे सांगायला अर्थशास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही.

सू फॉल्सच्या कारखान्यात पहिला रुग्ण मार्चच्या अखेरच्या आठवड्यात सापडला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परिस्थिती अशी झाली की त्या राज्यातील दर पाच रुग्णांपैकी जवळजवळ दोन जण या एकाच कारखान्यातील होते. राज्यपाल आणि महापौर यांनी दोन आठवडे कारखाना बंद ठेवण्याची विनंती केली, आणि १२ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कंपनीने तो बेमुदत बंद करत असल्याचे जाहीर केले. देशातील डुकराच्या मांसापैकी चार ते पाच टक्के मांस या एका छपराखालून येत होते. पुढे सरकारी यंत्रणेने नोंदवले की त्या वसंतात इथल्या किमान १,२९४ कामगारांना लागण झाली आणि चौघांचा मृत्यू झाला.

त्यानंतर बंद पडणाऱ्या कारखान्यांची रांगच लागली. कोलोरॅडोतील ग्रीली, आयोवातील वॉटर्लू, मिनेसोटातील वर्दिंग्टन, सीमेपलीकडे कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील हाय रिव्हर. हाय रिव्हरच्या एका कारखान्यातून कॅनडातील गोमांसाचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा येतो, आणि तिथल्या सुमारे २,००० कामगारांपैकी ९०० हून अधिक जणांना लागण झाली. वॉटर्लूत सुमारे २,८०० कामगारांपैकी एक हजारावर. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत कापल्या जाणाऱ्या डुकरांची संख्या आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी घसरलेली होती.

इथे डमरूचे वरचे तोंड पुन्हा पाहू, कारण शेतकऱ्याची कोंडी समजली तर सारेच समजते. डुकरिणीचा गाभणकाळ साधारण ११४ दिवसांचा असतो आणि पिल्लू विक्रीयोग्य व्हायला सहा महिने लागतात. म्हणजे एप्रिल २०२० मध्ये कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहणारी डुकरे २०१९ च्या उन्हाळ्यातच ठरलेली होती. तेव्हा या विषाणूचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. गोठ्यांची रचनाही या वेळापत्रकाला बांधलेली असते: तयार डुकरे निघाली की गोठा धुवायचा आणि पुढची तुकडी आत घ्यायची. मागची पिल्ले वाढतच राहतात, त्यांना थांबा म्हणता येत नाही. आपल्याकडच्या वाचकाला उसाचे उदाहरण चटकन पटेल. कारखान्याची तोड लांबली की उभा ऊस वाळू लागतो, त्याचे वजन आणि उतारा घटतो आणि शेतकरी हवालदिल होतो. डुकराचे उलटे आहे, ते वाढत राहते, पण अडचण तितकीच मोठी. साधारण १३० किलोच्या जनावराच्या हिशेबाने बनवलेल्या साखळीत आणि यंत्रांत त्याहून फार मोठे धूड नीट बसत नाही, आणि गोठ्यातली दाटी वाढली की जनावरांचे हाल सुरू होतात. काही शेतकऱ्यांनी वाढ मंदावेल असा खुराक दिला, काहींनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना स्वस्तात डुकरे विकली, आणि हे सगळे करूनही जागा उरली नाही तेव्हा मारणे सुरू झाले. वर्दिंग्टनचा बंद पडलेला कारखाना तर एप्रिलअखेरीस काही मोजक्या कामगारांनिशी केवळ डुकरे मारण्यापुरता उघडला गेला. त्या मांसातील काहीही ताटापर्यंत जाणार नव्हते.

मग हे मांस थेट गिऱ्हाइकाला का विकले नाही, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेत दुकानात विकायच्या मांसासाठी प्रत्येक जनावराची सरकारी निरीक्षकाकडून तपासणी व्हावी लागते, आणि असे निरीक्षक असलेले लहान कत्तलखाने इतके थोडे उरले होते की त्यांच्याकडे पुढच्या वर्षापर्यंतच्या तारखा भरल्या. रस्ता बंद झाला तेव्हा पायवाटा कधीच मोडून गेल्या होत्या.

भावांचे कोडेही याच आकारातून सुटते. त्या एप्रिल-मे महिन्यांत गुरांचा भाव पडला आणि कारखान्यातून निघणाऱ्या गोमांसाचा घाऊक भाव मार्चच्या तुलनेत दुपटीच्या आसपास गेला. शेतकरी चिडले, त्यांना हा उघड डल्ला वाटला, आणि कंपन्यांच्या भावनिश्चितीची चौकशी व्हावी ही मागणी जुनीच होती. मात्र हातचलाखी धरली नाही तरी नुसत्या आकाराने एवढे घडू शकते: कंबर आवळली की वर विकणारे जास्त आणि घेणारा एक, म्हणून गुरांचा भाव पडतो, खाली घेणारे जास्त आणि माल थोडा, म्हणून मांसाचा भाव चढतो, आणि मधला फरक ज्याच्या हातात कंबर आहे त्याला मिळतो.

२६ एप्रिलला टायसन कंपनीचे अध्यक्ष जॉन टायसन यांनी मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन अन्नपुरवठ्याची साखळी तुटत आहे असे लिहिले. दोनच दिवसांनी, २८ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १९५० च्या संरक्षण उत्पादन कायद्याचा आधार घेऊन मांसप्रक्रिया कारखान्यांबाबत आदेश काढला. आपल्याकडच्या बातम्यांत तो ‘कारखाने सुरू ठेवण्याची सक्ती’ असा आला, पण त्याचे स्वरूप थोडे वेगळे होते. कारखाने चालू राहावेत यासाठी पावले उचलण्याचे अधिकार त्याने कृषिमंत्र्यांना दिले. त्याचा व्यावहारिक परिणाम असा की स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याला कारखाना बंद करायला लावणे अवघड झाले, आणि कामगार आजारी पडल्यास मालकावर खटला भरला जाण्याची भीती कमी झाली. या उद्योगाच्या संघटनेने अशा आदेशाचा मसुदा साधारण आठवडाभर आधी कृषी खात्याकडे धाडला होता, हे नंतर उघड झालेल्या पत्रव्यवहारातून दिसले. टंचाईचा टाहो चालू असतानाच त्या एप्रिलमध्ये चीनला होणारी डुकराच्या मांसाची निर्यात वाढलेली होती, ही बाबही काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सभासदांच्या नजरेतून सुटली नाही.

त्या दिवसांत प्रश्न असा मांडला जात होता की कामगारांचा जीव सांभाळायचा की देशाचे पोट. मला या मांडणीतच घोटाळा दिसतो. कारखाने कोणा अधिकाऱ्याच्या हट्टाने थांबले नव्हते. सुरी धरणारी माणसे आजारी पडली, त्यांच्या शेजारची घाबरून घरी राहिली, पट्टा चालवायला हात पुरले नाहीत, म्हणून ते थांबले. आदेशाने दार उघडते, पण हजेरी भरत नाही. आदेशानंतरही अनेक कारखाने कितीतरी दिवस कमी माणसांनिशी रखडत चालले. हजेरी कशाने वाढली हे पाहायचे तर नेब्रास्का राज्यातील १३ कारखान्यांचा अभ्यास उपयोगी पडतो. तिथे सर्वांना मास्क देणे आणि जागोजागी आडपडदे बसवणे हे दोन्ही उपाय झाल्यावर १३ पैकी ८ ठिकाणी दहा दिवसांच्या आत नव्या रुग्णांचे प्रमाण लक्षणीय घटले. खर्चाच्या दृष्टीने पाहता मास्क ही गोष्ट एका दिवसाच्या बंद कारखान्यापुढे काहीच नव्हे. कृषी खात्याच्या म्हणण्याप्रमाणे ९ जूनपर्यंत कारखाने आदल्या वर्षीच्या ९५ टक्क्यांहून अधिक क्षमतेने चालू लागले होते.

जीवितहानीचा हिशेब हळूहळू बाहेर आला. रोगनियंत्रण केंद्राच्या जुलै २०२० च्या अहवालात २३९ कारखान्यांतील १६,२३३ रुग्ण आणि ८६ मृत्यू नोंदले गेले; ज्यांच्या वंशाची नोंद होती त्यांच्यातील ८७ टक्के रुग्ण अल्पसंख्य समाजांतील होते. नंतर जेम्स क्लायबर्न यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसच्या उपसमितीने पाच मोठ्या कंपन्यांकडून आकडे मागवले, तेव्हा पहिल्या वर्षात किमान ५९,००० कामगार बाधित आणि किमान २६९ मृत, असे आढळले. हा आजार कारखान्याच्या कुंपणात थांबला नाही. २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे जुलैपर्यंत देशातील एकूण रुग्णांपैकी ६ ते ८ टक्के रुग्णांचा संबंध या कारखान्यांशी होता, आणि पट्ट्याचा वेग वाढवण्याची खास सवलत मिळालेल्या कुक्कुट कारखान्यांच्या परिसरात लागण अधिक होती. वेग वाढवायचा तर पट्ट्यावर माणसे अधिक दाटीने उभी करावी लागतात, हे वर पाहिलेच आहे.

सू फॉल्स प्रकरणी कामगार सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने, म्हणजे ओशाने, सप्टेंबर २०२० मध्ये १३,४९४ डॉलर दंड ठोठावला. रक्कम हास्यास्पद वाटते, पण कायद्यात अशा एका उल्लंघनाला तेवढीच कमाल मर्यादा होती. हवेतून पसरणाऱ्या आजाराबद्दल मांस कारखान्यांना लागू पडणारा वेगळा नियमच नव्हता, म्हणून ‘कामाची जागा गंभीर धोक्यापासून मुक्त असावी’ या सर्वसाधारण कलमाखाली जे करता आले ते केले गेले. एप्रिलअखेर दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही अंतर राखण्यासारख्या अनेक गोष्टींना ‘शक्य असल्यास’ अशी पुस्ती जोडलेली होती.

जर्मनीने मात्र मुळाला हात घातला. जून २०२० मध्ये रेडा-व्हीडनब्रुक येथील ट्योनीज कंपनीच्या कारखान्यात दीड हजारांहून अधिक कामगार बाधित निघाले आणि साऱ्या ग्यूटर्सलो जिल्ह्यावर पुन्हा निर्बंध आले. तिथे कापणारे बहुतेक कामगार रोमानिया, बल्गेरिया आणि पोलंडमधून आलेले आणि कारखान्याऐवजी ठेकेदाराच्या पटावर असलेले होते; त्यांची घरे, गाड्या, रजा हे सगळे ठेकेदाराच्या हातात, आणि कारखाना नामानिराळा. त्या वर्षाच्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या मांस कारखान्यांत कापण्याच्या मुख्य कामासाठी ठेकेदारी पद्धत बंद केली आणि कामगारांना थेट नोकरीत घेणे भाग पाडले. ठेकेदाराच्या मुकादमावर सगळे ढकलून हात झटकण्याची पद्धत महाराष्ट्रातील कोणत्याही औद्योगिक वसाहतीत ओळखीची आहे, तेव्हा यावर अधिक सांगायला नको.

आपल्याकडे त्याच काळात मांसाचा व्यवहार कोलमडला तो वेगळ्या कारणाने. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवरून पसरली, मागणी आटली, आणि महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांना उत्पादनखर्चाच्या कितीतरी खालच्या भावाने पक्षी द्यावे लागले. आपली बहुतांश कोंबडी जिवंतच गल्लीतल्या दुकानापर्यंत येते आणि गिऱ्हाइकासमोर कापली जाते. अशा व्यवहारात स्वच्छतेच्या अडचणी आहेत आणि त्या लहान नाहीत, पण हजारो दुकानांत विखुरलेल्या त्या सुऱ्यांना कंबर अशी नसते. एक दुकान बंद पडले तर गिऱ्हाईक पुढच्या चौकात जाते.

अमेरिकेतील कंबरेची दुखणी केवळ महासाथीपुरती नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅन्ससमधील हॉलकॉम येथील टायसनच्या एका कारखान्याला आग लागली, आणि त्या एका आगीने देशभर गुरांचा भाव खाली आणि गोमांसाचा भाव वर गेला होता. २०२१ मध्ये सरकारने नवे, लहान कारखाने उभे राहावेत म्हणून ५० कोटी डॉलर बाजूला काढले. पण लहान कारखान्यात एका जनावरामागचा खर्च अधिक येतो, आणि मोठ्यांनी भाव पाडला की त्याला तग धरणे कठीण जाते. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस जेबीएस कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला. या वेळी कोणी कामगार आजारी नव्हता, पट्टे शाबूत होते, जनावरे दारात उभी होती. तरीही कंपनीचे अमेरिकेतील गोमांसाचे सर्व कारखाने थांबले आणि देशाची गुरे कापण्याची सुमारे एक पंचमांश क्षमता त्या दिवशी बंद होती. कंपनीने १.१ कोटी डॉलर खंडणी भरली.